सरासरीवर मोदक वळू नका

संख्याशास्त्राच्या या सदरात या खेपेला बहुतेक पत्रं दुकानदारांची आणि घरून धंदा करणाऱ्यांची आली आहेत. परीक्षेतल्या गणितांची पत्रं मी बाजूला ठेवली. ती मुलांनी आपापल्या सरांना विचारावीत, सरांना पगार त्याचाच मिळतो. नेहमीप्रमाणे नावं छापत नाही, फक्त गाव आणि धंदा देते.

प्रश्न : मी डोंबिवलीत घरून उकडीचे मोदक करून देते. दर संकष्टीला १५० करते. गेल्या बारा संकष्ट्यांची विक्री मांडली (अंगारकी सोडून), तर सरासरी १४४.५ आली. आमचे हे म्हणतात, उगाच पाच-सहा उरतात, १४५ च करत जा. एका मोदकाला सामान १२ रुपयांचं लागतं, विकते ३५ ला. उरलेला मोदक दुसऱ्या दिवशी कुणी विकत घेत नाही. तर १४५ करू का?

उत्तर : ताई, नको. उलट थोडे वाढवा. कसे ते सांगते, कारण या एका प्रश्नात निम्मा अभ्यासक्रम बसतो.

तुम्ही पाठवलेले आकडे असे आहेत : ११८, १३१, १४०, १४६, १४९ आणि मग सात वेळा बरोब्बर १५०. आता मला सांगा, सात संकष्ट्यांना डोंबिवलीकरांनी ठरवून दीडशेच मोदक मागितले का? त्या दिवशी तुमचे मोदक संपले, म्हणून आकडा दीडशेवर थांबला. वहीत विक्री लिहिली गेली, मागणी लिहिलीच गेली नाही. अशा आकड्यांची सरासरी काढली की ती नेहमी कमीच येणार. त्या सरासरीवर विसंबून तुम्ही १४५ केलेत, तर पुढच्या वर्षीची सरासरी आणखी खाली येईल. मग तुमचे हे म्हणतील, १४० च कर. धंदा असाच हळूहळू आटतो आणि घरात कुणाला कळत नाही.

म्हणून मी ताईंना निरोप पाठवला की व्हॉट्सॲप उघडा आणि त्या सात दिवशी कितीजणांना ‘सॉरी, संपले’ असं पाठवलंत ते मोजा. दोन दिवसांत उत्तर आलं. परत पाठवलेल्या ऑर्डरी मिळवल्यावर बारा दिवसांची खरी मागणी चढत्या क्रमाने अशी झाली : ११८, १३१, १४०, १४६, १४९, १५२, १५५, १६०, १६३, १७२, १७५, १९०. सरासरी १५४. आधीच्या सरासरीपेक्षा जवळजवळ दहा जास्त.

मग १५४ करायचे का? तेही नाही. सरासरी एवढंच सांगते की मागणी कुठल्या आकड्याभोवती फिरते. एक मोदक जास्त झाला तर किती जातात आणि एक कमी पडला तर किती जातात, हे तिला ठाऊक नसतं. उरलेल्या मोदकाला तुमचे १२ रुपये जातात. कमी पडलेल्याला नफ्याचे २३ जातात. दोन्ही बाजू सारख्या नाहीत, त्यामुळे मधोमध उभं राहण्यात अर्थ नाही.

आता शेवटचा मोदक हातात घ्या आणि विचारा, हा वळू का? तो विकला गेला तर २३ मिळतील, उरला तर १२ जातील. १६०वा मोदक घ्या. बारापैकी पाच दिवशी मागणी १६० किंवा जास्त होती, म्हणजे तो पाच वेळा विकला जातो, सात वेळा उरतो. पाच गुणिले २३ म्हणजे ११५ मिळाले, सात गुणिले १२ म्हणजे ८४ गेले. वळा. १६१वा घ्या. तो चारच वेळा जातो : ९२ मिळाले, ९६ गेले. थांबा. उत्तर १६०. मोदकपात्रात एका घाण्याला २० बसतात असं तुम्हीच लिहिलं आहे, तेव्हा १६० चे आठ घाणे पूर्ण होतात. दीडशेला शेवटचा घाणा अर्धाच जात होता.

ज्यांना सूत्र हवं त्यांच्यासाठी : नुकसान भागिले (नुकसान अधिक नफा), इथे १२ भागिले ३५, म्हणजे साधारण एक तृतीयांश. शेवटचा नग विकला जाण्याची शक्यता याच्या खाली गेली की हात थांबवायचा. पुस्तकांत याला पेपरवाल्याचा प्रश्न म्हणतात, कारण कालचा पेपर आज रद्दीत जातो. पण मुळात १८८८ मध्ये फ्रान्सिस एजवर्थ या अर्थशास्त्रज्ञाने हाच विचार बँकेच्या रोकडीसाठी मांडला होता : खातेदार मागायला येतील म्हणून किती रक्कम हाताशी ठेवावी? मोदक, पेपर, रोकड, गणित एकच.

आता खरं सांगते, म्हणजे कुणी माझ्या नावाने अवास्तव आशा धरणार नाही. या बारा संकष्ट्यांचा नफा मी मांडून पाहिला. १४५ केले असते तर ३८,४१० रुपये. १५० ला ३९,०९०. १६० ला ३९,६४५. १६५ ला ३९,५५५. १८० केले तर परत ३८,५१५. म्हणजे सगळ्यात चांगल्या आकड्याच्या आसपास फारसं काही बिघडत नाही, १५० ते १६५ मध्ये कुठेही उभं राहा. घरात १६० की १५८ यावरून वाद घालू नका. आकडे बाराच आहेत, पुढचं वर्ष थोडं वेगळं असणारच.

त्यापेक्षा मोठा प्रश्न वेगळाच आहे आणि तो तुम्ही विचारलाच नाही. १२ रुपयांत तुमची मजुरी धरली आहे का? मोदक वळायला मावशी येत असतील आणि त्यांना नगावर ५ रुपये देत असाल, तर एका मोदकाचा खर्च १७ झाला आणि नफा १८. तेच गणित पुन्हा करा, उत्तर १५५ वर येतं. स्वतःची मेहनत फुकट धरली की कुठलंही सूत्र जास्तच माल करायला सांगतं. घरून धंदा करणाऱ्या बायकांच्या पत्रांत मला हे सतत दिसतं. सूत्राला दोष नाही, त्याला दिलेल्या १२ च्या आकड्याला आहे.

अंगारकी या हिशोबातून बाहेर ठेवलीत, ते उत्तम केलंत. तिची मागणी वेगळ्याच जातीची असते, ती बारा आकड्यांत मिसळली असती तर सरासरी फुगली असती. आणि आदल्या रात्री आठपर्यंत ऑर्डर देणाऱ्याला दोन रुपये कमी लावून पाहा. अंदाज सुधारण्यापेक्षा अंदाज करण्याची गरजच कमी करणं पुष्कळदा स्वस्त पडतं.

प्रश्न : वाळवा तालुक्यात २०२२ पासून माझं कृषी सेवा केंद्र आहे. खत-औषधांवर मला सरासरी शेकडा ८ सुटतात. ऊस उत्पादकांना उधारी देतो, कारखान्याकडून उसाचं बिल आलं की ते भागवतात. आजवर शेकडा ३ च उधारी बुडाली. ८ तून ३ गेले तरी ५ राहतात, म्हणून उधारी दुप्पट करायचा विचार आहे. बरोबर आहे ना?

उत्तर : वजाबाकी जवळपास बरोबर आहे. दहा हजारांच्या शंभर विक्र्या धरा. ९७ जण ८०० रुपये नफा देतात, म्हणजे ७७,६००. तिघे माल घेऊन जातात, प्रत्येकी तुमचे ९,२०० जातात, म्हणजे २७,६००. उरले ५०,०००. दहा लाखांवर शेकडा ५. इथपर्यंत तुम्ही पास.

पण दोन गोष्टी तुमच्या कागदावर नाहीत.

पहिली गोष्ट काळ. तुम्ही बुडालेले मोजलेत, उशिरा आलेले मोजले नाहीत. सीसीवर, म्हणजे कॅश क्रेडिट कर्जावर, बँक वर्षाला १२ टक्के घेत असेल, तर ९,२०० रुपयांवर महिन्याला ९२ रुपये व्याज पडतं. आठशेचा नफा पावणेनऊ महिन्यांत फस्त. आणि आडसाली ऊस तुटायला सोळा-अठरा महिने लागतात. कायद्याने कारखान्याने ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात. ते प्रत्यक्षात कधी मिळतात हे वाळव्यातल्या दुकानदाराला मी काय सांगणार? म्हणजे लागणीच्या खताची उधारी एक रुपयाही न बुडता तोट्यात जाऊ शकते. उधारीचा दर रोखीपेक्षा वेगळा लावत नसाल, तर दुप्पट करणं राहू द्या, आहे तीच आधी आवरा.

दुसरी गोष्ट माझ्या विषयातली आहे आणि जास्त धोक्याची आहे. तुमची दोनशे खाती असतील आणि प्रत्येक खातं बुडण्याची शक्यता शेकडा ३ असेल, तर सरासरी सहा बुडतील. ही खाती एकमेकांपासून स्वतंत्र असतील, तर प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून साधारण किती लांब पडतात त्याचं माप) साधारण अडीच येतं. म्हणजे कधी तीन, कधी नऊ. बारा बुडणं अगदी विरळा. विमा कंपन्या याच भरवशावर चालतात. पण तुमची खाती स्वतंत्र आहेत का? दोनशे जणांचा ऊस एकाच कारखान्याला, एकाच नदीच्या पाण्यावर, एकाच पावसात. कारखान्याचं बिल थकलं तर दोनशे जणांचं एकदम थकणार. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी कुठवर आलं होतं, ते तुमच्या गावातल्या भिंतींवर अजून दिसत असेल. तुमचं दुकान २०२२ चं. २०१९ चा पूर तुमच्या वहीत नाही, २०२१ च्या जुलैचाही नाही. तुमचे शेकडा ३ हे चांगल्या वर्षांचे शेकडा ३ आहेत.

माणसं वाढवून ही जोखीम कमी होत नाही. दोनशेची चारशे खाती केलीत आणि तीही त्याच गटातली असली, तर फक्त आकडा दुप्पट झाला. जोखीम कमी होते ती वेगवेगळ्या नशिबांची खाती घेतल्याने. तेव्हा वहीत प्रत्येक उधार खात्यापुढे तीन रकाने करा : पीक कुठलं, ऊस असेल तर कारखाना कुठला, रान नदीकाठचं की माळाचं. तिन्ही रकाने सारखे असलेल्या खात्यांचा एक गट धरा आणि एका गटात एकूण उधारीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त जाऊ देऊ नका. तिसरा हिस्सा हा माझा अंदाज आहे, त्याला सूत्र नाही. सगळ्यात वाईट वर्षी एक गट पूर्ण अडकला तरी घाऊकवाल्याचं देणं देता येईल, एवढं बघून तुमचा आकडा ठरवा.

प्रश्न : कोल्हापूरजवळ एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे, सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या मशीनवर) बुश, म्हणजे दांडा बसवायच्या पोकळ नळ्या, करतो. ५०० च्या लॉटमधून २० नग गो-नो गो गेजने (माप बसतं की नाही एवढंच सांगणाऱ्या) तपासतो, एकही खराब नसेल तरच माल पाठवतो. तरी एका कस्टमरने लॉट परत पाठवला, वर डेबिट नोट (पैसे कापल्याची चिठ्ठी). त्यांना २५ नगांचे बोअर (आतली भोकं) ओव्हरसाइज मिळाले. वीसपैकी वीस चांगले निघूनही असं कसं?

उत्तर : यात आश्चर्य काहीच नाही. पाचशेत पंचवीस खराब म्हणजे शेकडा ५. एक नग उचलला की तो चांगला निघण्याची शक्यता ०.९५. वीस उचलले की ०.९५ ला वीस वेळा स्वतःनेच गुणायचं, उत्तर येतं सुमारे ०.३६. म्हणजे असे खराब लॉट शंभर आले तर त्यांतले पस्तीस-छत्तीस तुमच्या तपासणीतून शीळ घालत बाहेर पडतील. कस्टमरकडे असा एकच सापडला असेल, तर तुम्ही नशीबवान.

लक्षात ठेवायला सोपा नियम आहे. एकही खराब मिळाला नाही, तर ३ ला तपासलेल्या नगांनी भागा. तीन भागिले वीस म्हणजे १५ टक्के. वीस चांगले निघाल्यावर ९५ टक्के खात्रीने तुम्ही एवढंच म्हणू शकता की लॉटमध्ये १५ टक्क्यांपेक्षा कमी खराब आहेत. एवढ्यावर कुठला कस्टमर समाधानी होईल? ५ टक्क्यांची खात्री हवी तर साठ नग लागतात.

पण साठ कुठून उचलता, हे साठ या आकड्यापेक्षा महत्त्वाचं आहे. इथे मला आपल्या साताऱ्याच्या माणसाची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, गाव बुध. पीक किती येईल याचा अंदाज घ्यायला शेतातला छोटा तुकडा निवडून कापतात आणि त्यावरून सगळ्याचा हिशोब करतात. १९४० च्या दशकात यावरून मोठा वाद झाला. दुसरे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूचे, कारण त्यात काम लवकर उरकतं. सुखात्मे यांनी दाखवलं की लहान तुकड्यात उत्पन्न फुगून येतं. कापणारा माणूस लबाड नसतो, पण हद्दीवरचं रोप दिसलं की त्याचा हात ते आत घेण्याकडे झुकतो. एक मीटर लांबी-रुंदीच्या तुकड्याला एका चौरस मीटरमागे चार मीटर हद्द येते. पाच बाय दहाच्या तुकड्याला चौरस मीटरमागे अवघी साठ सेंटिमीटर. जितकी हद्द जास्त तितका हाताचा मोह जास्त. आणि ही चूक तुकडे वाढवून जात नाही. हजार तुकडे कापले तरी हजारही फुगलेलेच.

तुमच्या शॉपमध्ये जाऊन उभे राहा आणि तपासणारा पोरगा नग कसे उचलतो ते पाहा. क्रेटच्या वरचे उचलतो ना? बर (कडेला धातूचं कुसळ) निघालेला किंवा जरा काळपट दिसलेला नग हातात आला की तो परत ठेवून दुसरा घेतो ना? ही झाली तुमची हद्द. त्यातून बुशचे खराब नग लॉटभर सारखे विखुरलेले नसतात. इन्सर्ट (धातू कापणारं बदलतं पातं) झिजत आला की ते ओळीने येतात, आणि मग इन्सर्ट बदलला की परत सगळं ठीक. म्हणून लॉट पूर्ण होण्याची वाट पाहू नका. चालू शिफ्टमध्ये दर पंचवीस-तीस नगांमागे एक काढा, आणि इन्सर्ट बदलण्याआधीचे शेवटचे पाच न चुकता.

आणि गेज थोडा वेळ बाजूला ठेवा. गो-नो गो फक्त हो किंवा नाही सांगतो. बोअर गेजने माप घेऊन ते आलेखाच्या कागदावर टिंबाने मांडत जा. वॉल्टर शूहार्टने १९२४ मध्ये बेल टेलिफोनच्या कारखान्यांसाठी हेच सुचवलं, आज त्याला कंट्रोल चार्ट म्हणतात. पाच-सहा टिंबं एकाच दिशेने सरकायला लागली की ऑपरेटरला खराब नग व्हायच्या आधीच कळतं. वीस मापं जेवढं सांगतात, तेवढं सांगायला कितीतरी जास्त ‘हो’ लागतील. कागद मशीनपाशी लावा, ऑफिसात नको.

प्रश्न : नाशिकमध्ये माझी घरगुती उपकरणांची डिस्ट्रिब्युटरशिप आहे, बारा सेल्समन आहेत. दर महिन्याला पहिल्या नंबराला ट्रॉफी आणि पाच हजार देतो, शेवटच्याला केबिनमध्ये बोलावून झापतो. ट्रॉफी घेतलेला पुढच्या महिन्यात हमखास घसरतो, झापलेला सुधारतो. बक्षीस बंद करून नुसतं झापावं का?

उत्तर : तुम्ही काहीही केलं नसतं तरी हेच दिसलं असतं. एका महिन्याच्या विक्रीत माणसाची कुवत असते आणि नशीबही असतं : एखादी सोसायटी पूर्णच्या पूर्ण मिळाली, लग्नसराई त्याच्या भागात पडली. बारा जणांत पहिला येणाऱ्याकडे बहुधा दोन्ही असतात. कुवत पुढच्या महिन्यात बरोबर येते, नशीब येईलच असं नाही. म्हणून तो खाली येतो. शेवटचा त्याच कारणाने वर येतो आणि श्रेय तुमच्या आवाजाला मिळतं. फ्रान्सिस गॉल्टनने १८८६ मध्ये आईवडील आणि मुलं यांच्या उंचीत हेच दाखवलं होतं : फार उंच आईवडिलांची मुलं सरासरीच्या दिशेने थोडी खाली येतात. तिथे कुणी कुणाला झापलं नव्हतं.

पडताळून पाहायचं तर ट्रॉफी सुरू करायच्या आधीच्या वर्षाची रजिस्टरं काढा. दर महिन्याचा पहिला आणि शेवटचा घ्या आणि त्यांची पुढच्या महिन्याची विक्री शेजारी लिहा. तेव्हाही पहिले घसरलेले आणि शेवटचे सावरलेले सापडतील. नाही सापडले तर मला कळवा, पुढच्या अंकात छापते.

बक्षीस चालू ठेवा, पण महिन्याऐवजी तिमाहीच्या विक्रीवर द्या. तीन महिन्यांत चांगलं-वाईट नशीब बऱ्यापैकी एकमेकांत जिरतं आणि ट्रॉफी कुवतीच्या माणसाकडे जाण्याची शक्यता वाढते. झापायचंच असेल तर लागोपाठ दोन तिमाह्या जो तळाला आहे त्यालाच बोलवा, आणि त्याला कुठला भाग दिला आहे ते आधी नकाशावर बघून घ्या.